विवाह आणि राज्यांच्या सीमा

मार्च 2019 च्या अखेरीस रायपूर शहरात एक सामूहिक विवाहसोहळा झाला. पंधरा जोडपी बोहल्यावर चढली. सामूहिक विवाह ही छत्तीसगडात काही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु या सोहळ्यातील पंधराही वधू तृतीयपंथी होत्या, आणि जोडपी देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून आली होती. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, पाहुणे पांगले, आणि कायद्याच्या अभ्यासकांपुढे एक प्रश्न तेवढा शिल्लक राहिला: रायपुरात लागलेले हे लग्न वधूवर आपापल्या गावी पोहोचल्यावर लग्नच राहते काय?

प्रथमदर्शनी हा प्रश्न कोणासही विचित्र वाटेल. नागपुराहून रायपुरास जाणाऱ्या गाडीने दरेकसा मागे टाकले आणि बोरतलाव आले म्हणजे महाराष्ट्र संपून छत्तीसगड लागते. परंतु त्या जंगलातल्या घाटात कोणाचे लग्न मोडल्याचे आपण कधी ऐकलेले नाही. सरकार बदलते, पाट्यांवरील भाषा बदलते. गाडीत शेजारी बसलेली पत्नी मात्र पत्नीच राहते. आपण हे इतके गृहीत धरलेले असते की त्यामागे कायद्याची काही योजना आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. ती योजना कोठे कोठे पुरी पडत नाही, आणि ती तुटते तेव्हा माणसांचे काय होते, हे सांगण्याचा आजचा हेतू आहे.

रायपूरच्या सोहळ्यानंतर तीनच आठवड्यांनी, 22 एप्रिल 2019 रोजी, मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एक निर्णय दिला. एका पुरुषाने एका तृतीयपंथी स्त्रीशी देवळात विवाह केला होता आणि निबंधकाने तो नोंदण्यास नकार दिला होता. न्यायालयाने सांगितले की हिंदू विवाह कायद्यातील ‘वधू’ या शब्दात तृतीयपंथी स्त्रीचाही समावेश होतो. सबब विवाह नोंदला पाहिजे. निर्णय स्पष्ट होता. परंतु एका उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या हद्दीतील कचेऱ्यांवर बंधनकारक असतो, बाहेर त्याला केवळ आदराचे स्थान असते. म्हणजे काही वर्षे अशी गेली की त्याच स्वरूपाचा विवाह मदुराईस भक्कम पायावर उभा होता, आणि रायपूर वा नागपूर येथील निबंधकाने त्यास काय म्हणावे हे मोकळेच होते. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, तृतीयपंथी व्यक्तीचा विवाह जर स्त्री आणि पुरुष यांच्यातील असेल तर तो प्रचलित कायद्यांखाली होऊ शकतो, असे एकमताने सांगितले आणि तो संशय देशभरापुरता मिटला.

त्याच निकालपत्राने दुसरा प्रश्न मात्र उघडा ठेवला. दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा विवाह आपल्या कायद्यास मान्य नाही, आणि तो मान्य करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, ते विधिमंडळाचे काम होय, असे घटनापीठाने ठरविले. आता ‘विधिमंडळ’ म्हटले की लगेच विचारावे लागते, कोणाचे? कारण विवाह व घटस्फोट हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, पाचव्या नोंदीत आहे. त्यावर संसद कायदा करू शकते, आणि राज्यांची विधिमंडळेही करू शकतात. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात, समलिंगी विवाहाविषयी कायदा करणे संसदेच्या आणि राज्य विधिमंडळांच्या अखत्यारीत आहे, असे नमूद केलेले आहे. उद्या एखाद्या राज्याने असा कायदा केला आणि शेजारच्याने तो केला नाही, तर दरेकसा आणि बोरतलाव यांच्यामधल्या त्या घाटाला निराळाच अर्थ येईल.

राज्यांत एकमत नाही हे तेव्हाच दिसून आले होते. सुनावणी चालू असताना, 18 एप्रिल 2023 रोजी, केंद्र सरकारने सर्व राज्यांना पत्र लिहून त्यांचे मत मागविले. 10 मे रोजी केंद्राच्या वतीने न्यायालयास सांगण्यात आले की सात राज्यांची उत्तरे आली आहेत. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध दर्शविला होता. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांनी विचारासाठी आणखी अवधी मागितला होता. नव्या रायपुरात, महानदी भवनात, छत्तीसगडचे मंत्रालय आहे. त्या सात नावांत छत्तीसगड नव्हते. महाराष्ट्राने मागितलेल्या अवधीस आता काही वर्षे होऊन गेली.

विवाह सीमेपलीकडे कसा जातो, याविषयी बहुतेक देशांच्या न्यायालयांनी एक साधा नियम बसविलेला आहे. विवाहाचे रूप, म्हणजे विधी, साक्षीदार, नोंदणी, हे जेथे विवाह लागला तेथील कायद्याने तपासावयाचे. आणि विवाहाची पात्रता, म्हणजे वय, नाते, पूर्वीचा विवाह, ही त्या दोघांच्या अधिवासाच्या, म्हणजे कायमच्या घराच्या, कायद्याने तपासावयाची. रूपाबाबत फारशी अडचण येत नाही. तमिळनाडूने हिंदू विवाह कायद्यात 1967 च्या दुरुस्तीने ‘7-अ’ हे कलम घातले आणि पुरोहितावाचून होणारे स्वाभिमान विवाह वैध ठरविले. असा विवाह करून आलेले तमिळ जोडपे भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीस आले, तर त्यांनी होम केला होता काय, अशी विचारणा कोणी करीत नाही. अडचण येते ती पात्रतेबाबत. एक राज्य म्हणते की ही दोन माणसे परस्परांशी विवाह करू शकतात, दुसरे म्हणते की करूच शकत नाहीत. तेव्हा विवाह एका पायावर उभा राहतो. कायदेपंडितांनी अशा विवाहास ‘लंगडा विवाह’ असेच नाव दिलेले आहे, आणि ते नाव मोठे समर्पक आहे.

मराठी माणसाला हा लंगडेपणा नवा नाही, याची आठवण दिली पाहिजे. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या अमदानीत 1931 साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला. मुंबई इलाख्यात तो 1947 साली आला. मधली सोळा वर्षे अशी होती की बडोदे संस्थानात न्यायालयाने मोकळी केलेली स्त्री संस्थानची हद्द ओलांडून ब्रिटिश मुलखात आली की तेथील कायद्यास हिंदूंचा घटस्फोट ठाऊकच नसे. ज्या जातींत रूढीने काडीमोड चालत असे त्यांची गोष्ट निराळी. द्विभार्या प्रतिबंधाचेही तसेच. मुंबई प्रांताने 1946 साली हिंदूंना दुसरी पत्नी करण्यास बंदी केली, मद्रासने 1949 साली केली. सर्व प्रांतांनी केली नाही. तेव्हा बंदी असलेल्या प्रांतातून निघावे, बंदी नसलेल्या ठिकाणी जाऊन लग्न लावावे आणि परत यावे, ही वाट उघडीच होती. कायदा करणाऱ्यांना ती दिसली होती. म्हणून त्यांनी असे कलम घातले की विवाह प्रांताबाहेर झाला तरी वधूवरांपैकी एकाचाही अधिवास मुंबई प्रांतात असेल तर तो विवाह निरर्थक होय.

या कायद्याची कसोटी दोनदा लागली. 1951 साली छगला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनी तो कायदा संविधानाशी विसंगत नाही असे ठरविले. तो निकाल आजही वकिलांच्या तोंडी असतो. पुढे 1957 साली पूर्णपीठापुढे राज्याबाहेर झालेल्या विवाहाचे प्रकरण आले, तेव्हा मात्र त्या कायद्याचा हद्दीबाहेरील विवाहांस लागू होणारा भाग राज्याच्या अधिकारापलीकडचा ठरला. संविधानाला भारताचा एकच अधिवास ठाऊक आहे. ‘मुंबईचा अधिवास’, ‘मध्यप्रदेशचा अधिवास’ अशी वाटणी त्यात नाही. 1984 साली सर्वोच्च न्यायालयानेही, निराळ्या संदर्भात, हेच सांगितले. तोपर्यंत 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने द्विभार्येचा प्रश्न देशभर एकच करून टाकला होता, त्यामुळे या निकालाची चर्चा मागे पडली. पण आज तो पुन्हा वाचण्याजोगा झाला आहे. उत्तराखंडने 2024 साली समान नागरी संहिता केली आणि 27 जानेवारी 2025 पासून ती अमलात आणली. ती राज्याबाहेर राहणाऱ्या उत्तराखंडच्या रहिवाशांनाही लागू आहे असे तिच्यात म्हटले आहे, आणि तिच्यातील विवाह हा एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच आहे. एका राज्याच्या विवाहकायद्याचा हात किती लांब जातो, हा सत्तर वर्षांपूर्वीचा वाद असा पुन्हा दारात येऊन उभा राहिला आहे.

याच प्रश्नाने अमेरिकेचा पिच्छा वीस वर्षे पुरविला. तेथे विवाहाचे कायदे राज्यांचे असतात. हवाई राज्यात समलिंगी विवाहास मान्यता मिळेल अशी चिन्हे दिसू लागताच 1996 साली तेथील संसदेने कायदा करून दोन गोष्टी ठरविल्या: एका राज्यातला असा विवाह दुसऱ्या राज्याने मानलाच पाहिजे असे नाही, आणि संघराज्य सरकार तर तो मुळीच मानणार नाही. 17 मे 2004 पासून मॅसॅच्युसेट्स राज्यात असे विवाह होऊ लागले. मागोमाग काही राज्यांनी ते मान्य केले, कित्येकांनी आपल्या संविधानातच बंदी लिहून टाकली. नकाशावर ठिपक्यांचे कापड व्हावे तसे झाले.

न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर आणि थिआ स्पायर यांनी 2007 साली कॅनडात टोरांटो येथे विवाह केला. 2009 साली स्पायर वारल्या. न्यूयॉर्क राज्य विंडसर यांना विधवा मानीत होते; संघराज्याचे करखाते मानीत नव्हते. पतिपत्नींना वारसा मिळाला तर त्यावर तेथे कर नसतो. विंडसर यांना मात्र 3,63,053 डॉलर भरावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने जून 2013 मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला, आणि 1996 च्या कायद्याचा निम्मा डोलारा कोसळला. उरलेला निम्मा भाग, म्हणजे राज्याराज्यांतील नकार, तसाच राहिला.

त्याची परीक्षा पाहणारे जोडपे ओहायो राज्यात सिनसिनाटी येथे होते. जॉन आर्थर हे असाध्य स्नायुरोगाने अंथरुणास खिळलेले होते. ओहायोत त्यांना जिम ओबरगेफेल यांच्याशी विवाह करता येत नव्हता. जुलै 2013 मध्ये रुग्णासाठी सज्ज केलेल्या एका लहान विमानातून ते मेरिलँड राज्यातील विमानतळावर उतरले. रोग्याला हलविणे शक्य नव्हते म्हणून धावपट्टीच्या कडेला, विमानातच, विवाह लागला, आणि विमान परत फिरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आर्थर वारले. तंटा होता तो मृत्यूच्या दाखल्यावरून. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात काय लिहावयाचे आणि हयात जोडीदार म्हणून कोणाचे नाव घालावयाचे, एवढाच तो तंटा. ओहायो म्हणे, अविवाहित लिहा.

जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीशांनी येथे एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. चुलत, आते, मामे भावंडांचे लग्न ओहायोत होऊ शकत नाही. परंतु दुसऱ्या राज्यात ते रीतसर झालेले असेल तर ओहायो ते बिनतक्रार मानीत आले होते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल कित्येक जातींत आहे, तेव्हा मराठी श्रोत्याला या उदाहरणातली गंमत अधिक कळेल. जे आपल्या घरी चालत नाही तेही पाहुण्याकडून मान्य करावयाचे, हा सौजन्याचा नियम ओहायोने सर्वांसाठी पाळला आणि एका प्रकारच्या जोडप्यांपुरता मोडला. 26 जून 2015 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा प्रश्न सोडविला. डिसेंबर 2022 मध्ये तेथील संसदेने कायद्यानेही राज्याराज्यांतील मान्यता बंधनकारक केली.

लंगड्या विवाहाचा आणखी एक पेच लग्नात दिसत नाही, तो घटस्फोटात दिसतो. विवाह करावयास परराज्यात चार दिवस जाऊन आले तरी पुरते. घटस्फोट मागावयास मात्र त्या न्यायालयाच्या हद्दीत निवास असावा लागतो. टेक्सासात राहणारी जोडपी मॅसॅच्युसेट्सला जाऊन लग्न लावून आली. पुढे पटेनासे झाले तेव्हा टेक्सासचे सरकार म्हणे, जे लग्न आम्ही मानीत नाही ते आम्ही मोडावयाचे कसे? आणि मॅसॅच्युसेट्स विचारी, आपण येथे राहता काय? लग्न नाकारणाऱ्या राज्यात ती माणसे धड विवाहितही नव्हती आणि मोकळीही नव्हती.

आयर्लंडचे उदाहरण मराठी माणसास आणखी एका कारणाने जवळचे आहे. लिओ वराडकर यांच्या वडिलांचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातले वराड. वराडकर मंत्री असताना 22 मे 2015 रोजी आयर्लंडने सार्वमताने, 62 टक्के मतांनी, समलिंगी विवाह संविधानात मान्य केला. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले. परंतु त्याच बेटाच्या उत्तर भागात ब्रिटनचे राज्य आहे आणि तेथे जानेवारी 2020 पर्यंत हा विवाह मान्य नव्हता. डब्लिनहून बेलफास्टला निघालेले विवाहित जोडपे सीमेपलीकडे गेले की कायद्याच्या लेखी विवाहित न राहता नागरी भागीदार होई, आणि संध्याकाळी परत आले की पुन्हा विवाहित.

आता आपल्या घरी परत यावे. अमेरिकेच्या संविधानात राज्यांनी परस्परांच्या दप्तरांवर व निर्णयांवर पूर्ण विश्वास ठेवावा असे कलम आहे, तसे आपल्याकडेही आहे. अनुच्छेद 261 सांगतो की प्रत्येक राज्याची सार्वजनिक कृत्ये, दप्तरे आणि न्यायालयीन कामकाज यांस भारतात सर्वत्र पूर्ण मान दिला जाईल. म्हणजे रायपूरच्या निबंधकाने दिलेला दाखला पुण्याच्या कचेरीने खोटा म्हणता कामा नये. परंतु दाखला हा विवाह झाल्याचा पुरावा. विवाह वैध आहे काय, हा निराळा प्रश्न. शिवाय अनुच्छेद 254 आहेच: समवर्ती विषयावरील राज्याचा कायदा संसदेच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो तेवढ्यापुरता निष्प्रभ ठरतो, राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर मात्र त्या राज्यात टिकतो. ‘त्या राज्यात’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. नोव्हेंबर 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडू सरकारला सुचविले की अशा जोडप्यांसाठी कौटुंबिक साहचर्याच्या करारनाम्याची पद्धत सुरू करण्याचा विचार व्हावा. सूचना सहृदय आहे. पण तसा करारनामा घेऊन ते जोडपे बदलीने छत्तीसगडात आले, तर येथील कचेरीत त्याचे वजन एखाद्या खाजगी करारापेक्षा अधिक कसे ठरावे, हे सांगणे कठीण आहे.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आज हा प्रश्न प्रत्यक्ष भेडसावतो. कॅलिफोर्नियात रीतसर विवाह केलेले दोन पुरुष, त्यांतला एक भारतीय नागरिक, आईवडिलांच्या म्हातारपणासाठी पुण्यास परत येतात अशी कल्पना करा. विमान मुंबईस उतरते आणि त्यांचा विवाह कायद्याच्या लेखी नाहीसा होतो. परदेशातील भारतीयांच्या विवाहासाठी 1969 चा कायदा आहे, पण तो वधू आणि वर यांच्याच भाषेत लिहिलेला आहे. विदेशी जोडीदारास पत्नी वा पती म्हणून मिळणारी प्रवासी नागरिकाची नोंद मिळण्याचा मार्ग त्यांना सरळपणे उपलब्ध नाही. एकजण मृत्युपत्रावाचून वारला तर हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली त्याची सदनिका आईकडे जाईल, जोडीदाराकडे नाही. आणि त्यांच्यातील एकाने घरच्यांच्या आग्रहास्तव नागपुरास एखाद्या मुलीशी लग्न केले, तर येथील कायदा त्याचे हे पहिलेच लग्न म्हणेल, आणि कॅलिफोर्निया त्यास द्विभार्येचा गुन्हेगार म्हणेल. त्या मुलीचे काय, हे दोन्ही कायद्यांत नीटसे लिहिलेले नाही. मला या सर्व प्रकरणातील सर्वांत अन्यायाची जागा तीच वाटते.

करांचा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेलाच आहे. 1961 च्या आयकर कायद्यानुसार 50,000 रुपयांहून अधिक देणगी परक्याकडून मिळाली तर ती उत्पन्नात धरली जाई. पती वा पत्नीकडून मिळाली तर धरली जात नसे. एका समलिंगी जोडप्याने यास आव्हान दिले आणि ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने महान्यायवादींना नोटीस काढली. घटनापीठाच्या 2023 च्या निकालावरील फेरविचाराच्या याचिका मात्र 9 जानेवारी 2025 रोजी फेटाळल्या गेल्या होत्या.

तोपर्यंत जोडप्यांनी काय करावे? विवाह सीमा ओलांडत नसला तरी काही कागद ओलांडतात. मृत्युपत्र त्यांत पहिले. दोन साक्षीदारांसमक्ष सही केलेले मृत्युपत्र रायपुरात लिहिले तरी पुण्यातील सदनिकेस लागू पडते. लिहिणाऱ्याचे वारसाशी नाते कोणते, हे त्यात विचारले जात नाही. मुखत्यारपत्र हयातीत उपयोगी पडते. बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशनात घालण्यास आडकाठी नाही, असे केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले; शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्यास एकाच घरातले मानावे, असेही राज्यांना कळविले. त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिले की जवळचे नातलग उपलब्ध नसतील तेव्हा मृताचा देह ताब्यात घेण्याचा हक्क जोडीदारास असावा. रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे हे पत्र मुंबईच्या मंत्रालयात वेगळे गेले आणि नव्या रायपूरच्या मंत्रालयात वेगळे गेले. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या शवागाराबाहेर बसलेल्या कारकुनापर्यंत ते पोहोचविणे हे ज्या त्या राज्याच्या हाती आहे.